धोंड्याच्या वाणातलं लाकडी घड्याळ

एका गावात एक भोळा जावई होता. तसे जावई गावोगाव असतात आणि त्यांत भोळेही निघतात, पण बहुतेकांचा भोळेपणा सासुरवाडीच्या पाटावर बसेपर्यंतच टिकतो. हा बाराही महिने भोळा होता. अधिक महिना आला की तेरा महिने.

नाव त्याचं सुकलाल. अंगाने धट्टाकट्टा, कामाला वाघ, मनाने गाय. दोष एकच. सांगाल ते करायचा, आणि अगदी तेवढंच करायचा. तुम्ही म्हणाल, हा काय दोष झाला? माझं तालुक्याला लाकडाचं आणि प्लायवूडचं दुकान आहे. इतकी वर्षं माणसं कामाला ठेवली, त्यावरून सांगतो. न ऐकणारा गडी परवडतो. तंतोतंत ऐकणाऱ्याला सांगायला मालक फार हुशार लागतो.

सुकलालची बायको मथुरा. चुणचुणीत बाई. त्या उन्हाळ्यात तिने वर्षभराचे पापड केले, अंगणात खाटांवर वाळत घातले आणि शेजारच्या गावी लग्नाला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, ऊन उतरलं की पापड आत घ्या."

"बरं," सुकलाल म्हणाला.

भर दुपारी आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. संध्याकाळी मथुरा परतली, तर पापडांचा लगदा झालेला. खाटेशेजारी सुकलाल छत्री घेऊन उभा. छत्री स्वतःच्या डोक्यावर.

"अहो, हे काय?"

"ऊन उतरायची वाट बघतोय," तो म्हणाला. "पण आज ऊनच नाही. उतरणार कसं?"

मथुरा रडली नाही, भांडली नाही. पिशवी भरली. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली, "या घरात एक तरी वस्तू धड ठेवून दाखवा. मग मी येईन. तोवर न्यायला येऊ नका." आणि माहेरी निघून गेली.

सुकलालचा बायकोवर फार जीव. तो रोज संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसू लागला. न्यायला जायची मनाई होती. ती आपणहून उतरली तर पिशवी घ्यायला मनाई नव्हती.

आता मथुरेच्या वडिलांकडे येऊ. ओंकारअप्पा. वीज खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर कोणी भजनाला लागतं, कोणी राजकारणाला. अप्पांना लागला घड्याळांचा नाद. घड्याळं दुरुस्त करायचा नव्हे, लाकडाची घड्याळं करायचा. चाकं लाकडाची, काटे लाकडाचे, लंबक लाकडाचा. फोनवर कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांची घड्याळं बघून त्यांनी हे उचललं. गाई विकल्या, गोठा झाडला आणि तिथे कॉम्प्युटरवर चालणारं कोरणयंत्र आणून बसवलं. सीएनसी म्हणतात त्याला. कॉम्प्युटरवर चाकाचं चित्र काढायचं, टेबलावर प्लायवूडची फळी शिकंज्यांनी आवळायची, बटण दाबायचं. फिरतं पातं खाली येतं आणि चित्रातल्या रेषेवरून चालत चाक कापून देतं. दाताला दात सारखा. प्लायवूड अर्थातच माझ्याकडचं.

गाव हसायचं. भिलाजी तात्या म्हणून अप्पांचे चुलतभाऊ आहेत, ते तर तोंडावर विचारायचे, "ओंकार, फोनमध्ये वेळ दिसते की. मग हा भुसा कशाला पाडतोस?"

अप्पा म्हणायचे, "फोनमधली वेळ आयती येते, तात्या. ही येताना दिसते."

एक सांगतो. हे यंत्रही सुकलालच्याच वळणाचं. सांगाल तेवढंच करणार. चित्रात चूक असेल तर ती चूकही मन लावून कोरणार. दोघांत फरक इतकाच, की यंत्राला बंद करायचं लाल बटण होतं.

तर त्या वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला बोलवायचं, गोडधोड खाऊ घालायचं आणि जाळीदार वाण द्यायचं. अनारसे, बत्तासे, जे काही जाळी पडलेलं असेल ते. आणि महिनाभर त्याला उणा शब्द बोलायचा नाही.

द्वारकाबाई, म्हणजे सुकलालच्या सासूबाई, म्हणाल्या, "अहो, पोरगी रुसून आली असली तरी जावयाला धोंड्याला बोलवायलाच हवं."

"बोलवू की," अप्पा म्हणाले. "आणि वाण मी ठरवलंय. घड्याळ देतो. त्याची चाकं बघ, आतून सगळी जाळीच आहे."

"वाण खायचं असतं. घड्याळ कोणी खातं का?"

"नाही खात."

"हे जावई खातील," द्वारकाबाई म्हणाल्या.

अप्पांनी मथुरेला जवळ बसवलं. "पोरी, तू एक वस्तू धड ठेवा म्हणालीस ना? मी घड्याळ देतो. धोंडा संपेपर्यंत ते तुझ्या घरी चालू राहिलं, तर तू परत जायचंस. थांबलं, तर मी पुन्हा तुझ्याकडे तो विषय काढणार नाही."

मथुरेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "चालेल," ती म्हणाली. "पण ते थांबणार, अप्पा."

ती हे कोणत्या सुरात म्हणाली ते द्वारकाबाईंनी मला सांगितलंय. थांबू नये असं वाटणाऱ्या माणसाच्या सुरात.

सुकलाल आला. पाय धुतले, ओवाळलं. घड्याळाची अट ऐकून त्याचे डोळे चमकले. "मामा," तो म्हणाला, "तुम्ही फक्त सांगा. मी तसंच करीन." अप्पांना हे ऐकून फार बरं वाटलं. तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा त्याला गोठ्यात घेऊन गेले. मोठं चाक कोरायचं होतं. फळी आवळली, यंत्र चालू केलं. म्हणाले, "जावईबापू, मी चहा घेऊन येतो. यंत्र चालू असताना हात मुळीच लावायचा नाही. नुसतं बघत राहायचं."

"बरं, मामा."

अप्पा परत आले तेव्हा यंत्र जोरात चाललं होतं आणि सुकलाल हात पाठीमागे बांधून बघत होता. एक शिकंजा सुटला होता. फळी सरकून भिंतीला टेकली होती. चाकाला एका बाजूने दात होते आणि दुसऱ्या बाजूने चाकच नव्हतं. राहिलेलं चाक यंत्राने खालच्या टेबलात कोरलं होतं. तिथे मात्र सुबक उतरलं होतं.

"फळी सरकली तेव्हा तुम्ही काय करत होतात?" अप्पांनी विचारलं.

"बघत होतो," सुकलाल म्हणाला. "आधी थोडी सरकली, मग बरीच सरकली."

अप्पांच्या तोंडात एक शब्द आला. पण महिना धोंड्याचा. तो शब्द त्यांनी गिळला आणि त्यावर चहाचा घोट घेतला. "जावईबापू, असं नसतं करायचं. काही हलताना दिसलं, की ताबडतोब बंद करायचं. हललं की थांबवा!"

"बरं, मामा," सुकलाल म्हणाला. आणि हललं की थांबवायचं, हे त्याने मनात पक्कं बसवलं.

अप्पांनी चाकं पुन्हा कोरली. पॉलिशपेपरने कडा घासल्या. सगळी जुळवून घड्याळ माडीवरच्या भिंतीला टांगलं. दोरीला एक जुनं लोखंडी वजन अडकवलं. ते जिन्याच्या पोकळीतून हळूहळू खाली उतरतं आणि त्या ओढीने चाकं फिरतात. एक लाकडी खटका चाकाचा एकेक दात सोडतो, आणि लंबक टिक इकडे, टिक तिकडे. अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी सुकलालला समोर बसवलं. "मी शेतावर जाऊन येतो. तुम्ही याच्याकडे बघा."

संध्याकाळी अप्पा आले. घर शांत. घड्याळात अजून सकाळ होती. सुकलाल घामाघूम होऊन लंबकाला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"अहो, हे काय करताय?"

"मामा, फार द्वाड आहे हे," सुकलाल धापा टाकत म्हणाला. "सोडलं की हलतं! आणि याला लाल बटणही नाही. हातानं धरून ठेवलंय."

अप्पांनी डोळे मिटले. "जावईबापू. ते हलायलाच हवं. ते थांबलेलं दिसलं, तर एक बोट लावून हळूच ढकलायचं, म्हणजे पुन्हा चालायला लागतं. थांबलेलं दिसलं की ढकला!"

"असं होय! बरं, मामा."

दुसऱ्या दिवशी पूजेचं ठरवायला भिलाजी तात्या आले. सत्तरी ओलांडलेले, पोट पुढे, श्वास मागे. गोठ्याशेजारच्या पायऱ्या चढले आणि वरच्या पायरीवर दम खायला थांबले. सुकलाल दारातच होता. त्याने बघितलं. तात्या थांबलेले दिसत होते. त्याने एक बोट लावलं आणि हळूच ढकललं.

नशीब तात्यांचं, की पायऱ्यांच्या बाजूला यंत्राच्या भुशाचा ढीग होता. तात्या त्यात गडप झाले. बाहेर काढले तेव्हा मिशीत भुसा, कानात भुसा.

"ओंकार!" तात्या भुसा थुंकत ओरडले. "तुझा विष्णू माणसं ढकलतोय!"

"थांबले होते," सुकलाल नम्रपणे म्हणाला. "आता बघा कसे भराभर चालताहेत."

तात्या खरोखरच भराभर चालत होते, काठी शोधत.

अप्पांनी कशीबशी समजूत घातली. मग सुकलालला बाजूला घेऊन दातांवर दात ठेवून म्हणाले, "जावईबापू, दमून थांबलेल्याला ढकलत नाहीत. त्याला खुर्चीवर बसवायचं, गार पाणी द्यायचं, पंख्याने वारा घालायचा. माणुसकी असते ही!"

"बरोबर आहे, मामा. माणुसकी." सुकलालला हा धडा सगळ्यात आवडला.

चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी कुठला तरी दात अडकला आणि घड्याळ थांबलं. घरात सुकलाल एकटाच. तो घड्याळासमोर गेला. ढकलायला बोट उचललं आणि मागे घेतलं. तो पुटपुटला, "दमलं असेल बिचारं. सकाळपासून चालतंय."

त्याने घड्याळ खिळ्यावरून अलगद उतरवलं. खुर्चीवर बसवलं. माठातलं तांब्याभर गार पाणी त्याला हळूहळू पाजलं. पहिला तांब्या खाली जमिनीवर उतरला, म्हणून दुसरा पाजला. मग पंखा घेऊन वारा घालत बसला. अप्पा आले तेव्हा चाकांचे दात पुऱ्यांसारखे फुगले होते. एकमेकांत असे रुतले होते, की चाकं सोडवायला पटाशी घ्यावी लागली.

"पाणी?" अप्पांचा आवाज बारीक झाला. "लाकडाला पाणी?"

"गार होतं, मामा. माठातलं."

त्या दिवशी अप्पा गोठ्यात जाऊन बराच वेळ यंत्राशेजारी बसले. जावयापेक्षा त्याची सोबत त्यांना बरी वाटली असावी. मग बाहेर येऊन म्हणाले, "जावईबापू, नीट ऐका. ओलं म्हणजे लाकडाचा काळ. काही ओलं दिसलं, की पुसायचं, कडक उन्हात वाळवायचं, आणि वाळलं की मेण चोळायचं. म्हणजे पुन्हा पाणी धरत नाही." आणि मेणाची वडी त्यांनी त्याच्या हातात दिली.

मथुरा दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, "अप्पा, यांना मेण देऊ नका."

"मेणाने काय होणार आहे, पोरी?"

इथे एक सांगायला हवं. अनारशासाठी तांदूळ भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग सावलीत जरा सुकवून, अंगात थोडी ओल असतानाच दळतात. ती ओल गेली तर अनारशाला जाळी पडत नाही, आणि जाळी नाही तर ते धोंड्याचं वाणच नव्हे. द्वारकाबाईंचे तांदूळ स्वयंपाकघरात पातेल्यात भिजत होते.

सुकलाल पाणी प्यायला आत गेला. त्याला ओलं दिसलं.

त्याने तांदूळ पुसले. पंच्याने, मूठ मूठ घेऊन, फार काळजीने. पत्र्यावर कडक उन्हात वाळवले. मग मांडी घालून बसला आणि दाण्यांना मेण चोळलं. दाणे असे चकचकीत झाले, की द्वारकाबाईंना वाटलं, यंदा तांदूळ चांगल्या जातीचा लागला. त्यांनी दळले, गूळ घातला, पीठ मुरवलं आणि पूजेच्या दिवशी अनारसे तळले. जाळी पडलीच नाही. रंग मात्र पॉलिश केल्यासारखा.

पहिला मान वडीलधाऱ्या भिलाजी तात्यांचा. रुसवा काढायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी अनारसा उचलला, एक घास चावला आणि तोंड उघडायला गेले. तोंड उघडलं. कवळी अनारशातच राहिली.

सगळी पंगत त्या अनारशाकडे बघत होती. तो दात विचकून हसत होता.

"ओका!" तात्या बिनदातांनी म्हणाले. त्यांना ओंकार म्हणायचं होतं.

आता पाळी द्वारकाबाईंची होती. त्यांनी हात जोडले. "जावईबापू, पाया पडते. स्वयंपाकघरातल्या कशालाही विचारल्याशिवाय हात लावू नका."

"बरं, मामी."

मग जेवण सुरू झालं. "मामी, भाताला हात लावू?" "लावा." "वरणाला लावू?" "लावा हो." "मिठाला?" द्वारकाबाई वाढायला पुढच्या पानाकडे गेल्या, तर सुकलाल भाजीसमोर हात जोडून बसून राहिला. त्या परत आल्या. "मामी, भाजीला?" अर्धी पंगत आंचवून उठली, तरी याचा भात संपला नव्हता, कारण प्रत्येक घासाला नवी परवानगी लागत होती.

शेवटी मथुरा पुढे आली. हसू आवरत आणि रागवायचा प्रयत्न करत म्हणाली, "अहो, असं विचारत बसू नका हो! सांगितलं की करून टाकायचं. विचारायचं नाही."

बायको कित्येक दिवसांनी आपणहून बोलली होती. सुकलालने सगळे धडे मागे टाकले आणि हा सगळ्यात वर ठेवला.

जेवणं झाली. वाण द्यायची वेळ आली. अप्पांनी चाकं तिसऱ्यांदा कोरून घड्याळ पूर्ण केलं होतं. ते पाटावर ठेवून त्यांनी सुकलालला कुंकू लावलं आणि एकेक गोष्ट समजावली.

"जावईबापू, लंबक धरायचा नाही."

"नाही, मामा."

"पाणी पाजायचं नाही. मेण लावायचं नाही."

"नाही, मामा."

"आणि मुख्य गोष्ट. हे वजन खाली उतरतं, त्याच्या जोरावर घड्याळ चालतं. वजन जमिनीला टेकलं की खेळ खलास, घड्याळ थांबलं. तेव्हा काही झालं तरी वजन जमिनीला टेकू द्यायचं नाही. समजलं?"

"समजलं, मामा. टेकू द्यायचं नाही."

एक गोष्ट अप्पा सांगायची विसरले. वजन खाली गेलं, की बाजूची लाकडी चावी फिरवून ते पुन्हा वर घ्यायचं. ते स्वतः पहाटे उठून चावी द्यायचे, तेव्हा सुकलाल झोपलेला असायचा. आणि इतकी उघड गोष्ट कोण सांगतं? धंद्यातला माझा अनुभव विचाराल, तर उघड गोष्टच आधी सांगावी. अवघड गोष्ट माणूस आपणहून विचारतो.

दुसरी गोष्ट दोरीची. अप्पांच्या माडीवरून जिन्याच्या तळापर्यंत वजन जायचं, म्हणून दोरी लांबलचक गुंडाळलेली होती. सुकलालचं घर बुटकं, जमीन मातीची. तिथे छपराखालच्या तुळईला घड्याळ टांगलं, तरी ते वजन जमिनीपासून फार उंच नव्हतं.

सुकलालने घड्याळ टांगलं. लंबकाला बोट लावलं. टिक इकडे, टिक तिकडे. तो समोर बसला. घरात इतके दिवस कोणाचाच आवाज नव्हता, आता हा होता. त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वजन जमिनीजवळ आलं. विचारायचं नव्हतं. विचारायला कोणी नव्हतंही. टेकू द्यायचं नव्हतं, एवढं पक्कं होतं. सुकलालने कुदळ आणली आणि वजनाखाली हातभर खड्डा खणला.

वजन खड्ड्यात उतरलं. घड्याळ चालू राहिलं. सुकलाल हसला. मग त्याने रोज तेच केलं. वजन उतरे, सुकलाल खणे. आधी कमरेइतकं, मग गळ्याइतकं. माती पाटीत भरून ओट्यावर टाकायची. खड्डा अरुंद पडायला लागला, म्हणून त्याने तो रुंद केला. उतरायला शिडी लावली.

शेजारचा दौलत डोकावला. "सुकलाल, घरात विहीर खणतोस का काय?"

"नाही. घड्याळ चालवतोय."

दौलतने वर घड्याळाकडे बघितलं, खाली सुकलालकडे बघितलं. "चालू दे," तो म्हणाला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, की सुकलालच्या घरात गुप्तधन निघतंय.

धोंडा संपला त्या दिवशी अप्पा, द्वारकाबाई आणि मथुरा जीपने आले. ओट्यावर मातीचा डोंगर होता. मथुरेला वाटलं, जमीन सारवायला माती आणली असेल. तिला जरा बरं वाटलं. मग दारातूनच आवाज ऐकू आला. टिक इकडे, टिक तिकडे.

मथुरा जागच्या जागी उभी राहिली. तिने पदर तोंडाला लावला.

"थांबलं नाही, मामा," आतून सुकलाल म्हणाला. "एकदाही नाही. तुम्ही सांगितलं तस्संच केलं."

"शाबास, जावईबापू, शाबास!" अप्पा म्हणाले. नजर तुळईवरच्या आपल्या घड्याळावर ठेवून, दोन्ही हात पसरून ते जावयाला पोटाशी धरायला पुढे झाले, आणि जमिनीत नाहीसे झाले.

खाली माती मऊ होती. लागलं काही नाही. पण खड्डा असा खोल, की हात वर केले तरी काठ सापडेना. अंधारात शिडी दिसली नाही, त्यांच्या हाताला दोरी लागली, दोरीला वजन लागलं. त्यांनी ते धरलं आणि वर चढायला जोर लावला.

अप्पा अंगाने भरलेले आहेत. वरचं घड्याळ एकदम धावायला लागलं. टिकटिकटिकटिक. बाहेर दुपार होती, घड्याळात संध्याकाळ झाली, मग सकाळ झाली, मग पुन्हा दुपार. घड्याळाची खुंटी सागाची होती, माझ्या दुकानातली, म्हणून टिकली. दुसऱ्या कोणाची असती तर घड्याळ अप्पांच्या डोक्यात पडलं असतं.

"मामा!" सुकलाल ओरडला. "वजन टेकतंय! टेकू देऊ नका!"

आणि तो कुदळ घेऊन शिडीवरून खाली उतरला.

"जावईबापू, मला वर काढा!"

"आधी पाय उचला, मामा. तुमच्या पायाखाली खणायचंय."

घाबरून अप्पांनी पाय उचलले. आता वजनाला अप्पा लटकलेले, अप्पांखाली सुकलाल खणतोय, आणि वर घड्याळात दिवस मावळताहेत आणि उगवताहेत.

द्वारकाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "जाळीचं वाण दिलंत ना? घ्या. घरालाच जाळी पडली."

आणि मथुरा हसायला लागली. पापड भिजल्यापासून हसली नव्हती. दाराला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग खड्ड्याच्या काठाशी आली, गुडघे टेकून खाली वाकली. सुकलाल मातीने माखला होता. हाताला फोड आले होते. त्याने वर बघितलं.

"थांबलं नाही, मथुरा," तो म्हणाला.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "आता खणणं बंद करा. मी आले. परत जाणार नाही." मग आईकडे वळून म्हणाली, "आई, मला इथंच राहायला हवं. यांना एकटं सोडलं तर पाताळ गाठतील."

तिने पिशवी आत ठेवली. पदर खोचला. घरभर नजर फिरवली, आणि जुन्या सवयीने हुकूम सोडला, "अहो, तो खड्डा आधी बुजवा. आत्ताच्या आत्ता. तोवर आई आणि मी चहा करतो."

"बरं!" सुकलाल म्हणाला. असं सुख त्याला कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

अप्पा शिडीने येतीलच असं धरून बायका स्वयंपाकघरात गेल्या. सुकलाल शिडीने वर आला. शिडी चांगली होती. ती मातीत बुजायला नको, म्हणून त्याने आठवणीने वर ओढून घेतली. ओट्यावरून माती आणली आणि पहिलं फावडं खाली टाकलं.

"अहो जावईबापू!" खड्ड्यातून आवाज आला. "मी आत आहे!"

सुकलाल काठाशी आला, वाकला आणि मोठ्या आदराने म्हणाला, "माहीत आहे, मामा. तुम्ही निवांत बसा. तुमचा चहा झाला की खाली सोडतो." आणि त्याने दुसरं फावडं भरून घेतलं.